समेट

वितुष्ट आलेल्या दोन पक्षांनी पुन्हा संबंध जोडणे, किंवा परस्परांशी न जुळणाऱ्या दोन नोंदींचा मेळ घालणे. पती-पत्नी, भाऊबंद, धर्मसमूह आणि राष्ट्रे यांना ही कल्पना लागू पडते, तशीच ती हिशेबाच्या वह्यांनाही पडते. वह्यांच्या बाबतीत ताळमेळ किंवा जुळवणी असे म्हणण्याचा प्रघात आहे.

समेट, तडजोड आणि क्षमा यांची गल्लत नेहमी होते. तडजोडीत दोघेही थोडे मागे सरतात. मने साफ नसली तरी ती टिकते. क्षमा एकट्याने करता येते, अपराधी हयात नसला तरीही. समेटाला मात्र दोघे लागतात आणि काय घडले याबद्दल त्यांच्यात किमान एकवाक्यता लागते. बहुतेक समेट याच अटीवर अडतात.

धर्मपरंपरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी ईश्वराविरुद्धच्या पापांचे क्षालन होते, पण माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाची समजूत काढली पाहिजे, असे ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. कुराणात (४९:९) आपसांत लढणाऱ्या श्रद्धावानांच्या दोन गटांत समेट घडवण्याची आज्ञा आहे, आणि तो न्यायाने घडवावा असेही लगेच बजावले आहे. रोमन कॅथलिक पंथात पापांच्या कबुलीच्या संस्काराला समेटाचा संस्कार म्हणतात. तेथे तुटलेले नाते ईश्वराशी आणि चर्चशी असते.

कौटुंबिक कायद्यात समेट हा न्यायालयाच्या कर्तव्याचा भाग आहे. भारतात हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २३ नुसार घटस्फोटाचा निर्णय देण्यापूर्वी, शक्य असेल तेथे, न्यायालयाने पती-पत्नींत समेट घडवण्याचा प्रयत्न करायचा असतो. घरात मारहाण होत असेल तर मात्र हाच प्रयत्न पीडितेला पुन्हा त्याच घरात ढकलण्याचे साधन ठरतो. समेटाचा आग्रह धरणाऱ्याला सहसा त्याची किंमत मोजावी लागत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना राज्यकारभारात आली. लष्करी राजवट संपल्यावर चिलीने १९९० मध्ये सत्य व समेट आयोग नेमला. पण त्याच्या कक्षेत मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले लोकच होते. छळातून जिवंत सुटलेल्यांची दखल घ्यायला २००३ साली वेगळा आयोग नेमावा लागला.

दक्षिण आफ्रिकेतील आयोग सर्वाधिक गाजला. १९९५ च्या कायद्याने तो स्थापन झाला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते आणि एप्रिल १९९६ मध्ये जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. सुमारे २१,००० जबाब नोंदले गेले. वर्णविद्वेषी राजवटीच्या काळात गुन्हे करणाऱ्यांना, तसेच तिच्याविरुद्ध लढताना गुन्हे करणाऱ्यांनाही, शिक्षेतून माफी मिळावी म्हणून आयोगाकडे अर्ज करता येत होता. कृत्यामागे राजकीय हेतू असावा आणि त्याविषयी सर्व काही उघड सांगावे, एवढीच अट होती. पश्चात्तापाची अट नव्हती. ७,००० हून अधिक अर्ज आले. त्यांतले बहुसंख्य फेटाळले गेले.

या व्यवस्थेत काय घडू शकत होते ते जुलै १९९७ च्या एका सुनावणीत दिसले. ओली पिशवी तोंडावर आवळून कैद्यांना गुदमरवणारा पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झीन याने ही पद्धत एका माणसावर सर्वांसमक्ष करून दाखवली. तशी मागणी केली होती टोनी येंगेनी यांनी. ते स्वतः या पिशवीतून गेलेले आणि तेव्हा संसद सदस्य होते. बेन्झीनने प्रात्यक्षिक दिले आणि छळाखाली तुम्ही सहकाऱ्यांचा ठावठिकाणा सांगितला होता, याची त्यांना भर सभेत आठवणही करून दिली. सत्य बाहेर आले, कायद्याची अट पुरी झाली, बेन्झीनला पुढे माफीही मिळाली. त्या दोघांत समेट झाला असे मात्र म्हणता येत नाही.

पोलीस कोठडीत मृत्यू पावलेले वर्णविद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी माफीच्या तरतुदीलाच घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते फेटाळले गेले. पीडितांना २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड देण्याचे ठरले. आयोगाची शिफारस याहून बरीच अधिक होती.

कॅनडाच्या आयोगाने मूलनिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळांची चौकशी करून २०१५ मध्ये ९४ शिफारशी मांडल्या. पूर्वीचा सलोखा पुन्हा आणायचा, तर तो मुळात कधी होता, हा मूलनिवासींचा प्रश्न त्याने आपल्या अहवालात नोंदवला. हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

राष्ट्राराष्ट्रांतील समेटाचे ठळक उदाहरण फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्यातील १९६३ च्या एलिझे कराराचे. त्यातून निघालेले युवक कार्यालय दोन्हीकडच्या तरुणांना एकमेकांच्या देशांत नेऊ लागले.

हिशेबातील अर्थ वरवर पाहता दूरचा वाटतो. रोख पुस्तकातील बँक रकान्याची शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक क्वचितच सारखी असते. ३१ मार्चला दिलेला धनादेश रोख पुस्तकात त्याच दिवशी खर्ची पडतो, पण घेणाऱ्याने तो एप्रिलमध्ये भरला तर बँकेकडे रक्कम तोवर शिल्लकच दिसते. बँक जुळवणी पत्रकात असे फरक कारणांसह मांडतात. जे केवळ वेळेचे, ते तसेच राहू देतात; बँकेने कापलेले शुल्क लिहायचे राहिले असेल तर त्याची नोंद करतात. फरक पुसण्यासाठी आकडे बदलणे म्हणजे जुळवणी नव्हे, अफरातफर. रुग्णालयात रुग्ण दाखल होताना व घरी जाताना त्याच्या औषधांच्या याद्या ताडून पाहतात, तीही जुळवणीच.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात समेट ही संज्ञा फ्रान्स द वाल या डच शास्त्रज्ञाने रूढ केली. भांडणानंतर थोड्याच वेळात चिंपांझी प्रतिस्पर्ध्याकडे जातात, चुंबन घेतात, असे १९७९ च्या एका शोधनिबंधात त्यांनी व सहकाऱ्याने दाखवले. पुढे १९९३ मध्ये लांब शेपटीच्या मकाक माकडांवर प्रयोग झाला. दोघांनी मिळून काम केले तरच खाऊ मिळेल अशी सवय लावलेल्या जोड्या भांडणानंतर पूर्वीपेक्षा बऱ्याच अधिक वेळा जुळवून घेऊ लागल्या.