जुन्या छपरावर नवीन प्लाय टाकणं

जुन्या घराच्या उतरत्या छपराला वाशांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या असतात, त्या न उचकटता त्यांच्यावरच प्लायवूडचा नवीन थर मारायचा असं हे काम. अमेरिकेत हे नेहमीचं आहे, कारण तिथल्या जुन्या घरांना फळ्या आणि वर शिंगल्स (खिळ्यांनी ठोकायचे छपराचे पातळ, चपटे तुकडे), आणि शिंगलचा खिळा फळ्यांच्या फटीत गेला की तो धरतच नाही.

पुण्यात गोष्ट जरा वेगळी. पेठांमधल्या कित्येक वाड्यांना कौलांखाली नुसती रीप (वाशांवर आडवी ठोकलेली लाकडी पट्टी) असते, फळ्या नाहीतच, आणि मंगलोरी कौल रिपेवर अडकून बसतं त्यामुळे त्याला प्लाय लागतच नाही. म्हणजे हा प्रश्न येतो तो फळ्या मारलेल्या जुन्या बंगल्यात किंवा मालकाला कौलं काढून शिंगल्स लावायच्या असतील तेव्हा. (चांगली कौलं असतील तर उगाच काढू नयेत असं आमचं मत.)

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी जुनं लाकूड तपासणं. पेचकस घेऊन प्रत्येक फळी टोचून बघायची, वळचणीपाशी आणि भिंतीत शिरणाऱ्या वाशाच्या टोकाला तर नक्कीच, कारण वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते, वरून सागवान ठणठणीत दिसतं आणि पेचकस आत भस्सकन जातो. सडलेली फळी बदलायची, मगच प्लाय, नाहीतर वरून छान दिसणारं छप्पर आतून पोकळ राहतं. वासे वाकलेले असतील तर आधी ते, कारण 12 मिमीचा 8 बाय 4 चा एक शीटच 24 किलोच्या आसपास भरतो आणि हे ओझं जुन्या ओझ्यात वाढणार असतं.

प्लाय मरीन ग्रेडचा, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा घ्यावा, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला बघायला मिळतो. शीटची लांब बाजू वाशांना आडवी, सांधे एका रेषेत न आणता मागेपुढे, आणि दोन शीटमध्ये साधारण 3 मिमी फट, पावसाळ्यात प्लाय फुगतो म्हणून. खिळा नुसत्या फळीत नाही, वाशापर्यंत गेला पाहिजे, म्हणून प्लाय टाकायच्या आधीच वाशांच्या जागा दोरीने आखून ठेवतात. जुनं सागवान फार कडक, खिळा वाकतो, तिथे ड्रिल मारून स्क्रूच बरा.

वर परत कौलंच चढवायची असतील तर प्लायवर अंथरलेल्या वॉटरप्रूफ शीटवर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि मग आडवी रीप, थेट आडवी मारली तर झिरपलेलं पाणी तिथेच तुंबतं आणि प्लाय सडतो, हे बरेच जण विसरतात. छपराची जाडी वाढते म्हणून पन्हळही वर घ्यावी लागते.

काम उन्हाळ्यात करतात, पण एप्रिल-मेमधला वळीव सांगून येत नाही, त्यामुळे दिवसभरात जेवढा प्लाय बसेल तेवढा संध्याकाळपर्यंत वॉटरप्रूफ शीटने झाकायचाच.