रोमची कॉन्कुबिना: लग्नाच्या उंबऱ्याबाहेरचा संसार

रोममध्ये कर्ज काढताना माणूस आपलं ‘आज आहे ते आणि पुढे मिळेल ते सगळं’ सावकाराकडे गहाण टाकू शकत असे. घर, शेत, बैल, गुलाम, सगळं त्यात आलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित उल्पियन मात्र सांगतो, की अशा सरसकट गहाणातून काही गोष्टी आपोआप वगळल्या जातात, कारण कुठलाही माणूस त्या मुद्दाम नाव घेऊन गहाण टाकणार नाही. त्या कोणत्या? घरातलं सामानसुमान, कपडे. आणि पुढे: त्याची कॉन्कुबिना, म्हणजे लग्नाविना सोबत राहणारी स्त्री, तिच्यापासून झालेली मुलं आणि पदरी वाढवलेली पोरं.

इथे ज्या कॉन्कुबिनेचा उल्लेख आहे ती गुलाम आहे. कायद्याच्या लेखी ती मालमत्ता, बैलासारखी विकता येणारी. आणि तोच कायदा म्हणतो, हिला गहाण धरू नका, हा माणूस हिला सोडणार नाही हे गृहीतच आहे. रोमन समाजात या नात्याला असलेली जागा समजून घ्यायला मला याहून नेमका दाखला सापडत नाही. नातं खरं आहे हे सगळ्यांना दिसतं, कायद्यालाही दिसतं, पण त्याला बायकोचं नाव मिळत नाही.

‘कॉन्कुबिना’ला मराठीत काय म्हणावं, ही पहिली अडचण. रखेल, ठेवलेली बाई, अंगवस्त्र, नाटकशाळा, आपल्याकडे शब्दांची कमी नाही. पण हे शब्द उच्चारले की घरी लग्नाची बायको बसलेली आहे असं चित्र आपोआप उभं राहतं. रोमन कायदेपंडितांच्या कल्पनेतली कॉन्कुबिना तशी नाही. पाउलुस या पंडिताच्या नावावरच्या वचनसंग्रहात स्वच्छ लिहिलं आहे, की ज्या काळात माणसाला बायको आहे त्या काळात त्याला कॉन्कुबिना ठेवता येत नाही. म्हणजे ही बायकोच्या जोडीला आलेली नव्हे, बायकोच्या जागी आलेली. विधुर, अजून लग्न न झालेला तरुण, किंवा जिच्यासोबत राहतो तिच्याशी हुद्द्यामुळे लग्नच करू शकत नाही असा माणूस, हे तिचे जोडीदार. म्हणून इथे तिचा मूळ शब्दच ठेवतो. त्याचा सरळ अर्थ ‘सोबत निजणारी’. घरच्या गुलाम मुलींवर धनी जो हक्क गाजवत, त्याची तर कुणी दखलही घेत नसे. त्याला कुठलं नाव द्यायची गरज कुणाला वाटली नाही.

बायको असताना जिच्याशी संबंध, अशा स्त्रीसाठी जुन्या लॅटिनमध्ये ‘पेलेक्स’ हा वेगळा, हिणवणारा शब्द होता. रोमचा दुसरा राजा नुमा याच्या नावावर सांगितला जाणारा एक प्राचीन नियम असा: पेलेक्सने जूनोच्या वेदीला हात लावू नये, लावला तर केस मोकळे सोडून जूनोला मेंढीचं कोकरू बळी द्यावं. जूनो ही लग्नाची देवी. देवळात हिला जागा नाही, एवढंच तो नियम सांगतो. पुरुषाला त्यात काही प्रायश्चित्त नाही.

कॉन्कुबिनेला खरं कायदेशीर रूप आलं ते पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात, आणि तेही आडवाटेनं. यादवी युद्धांत वरची घराणी विरळ झाली होती. त्यांनी लग्नं करावीत, मुलं जन्माला घालावीत आणि रक्त ‘शुद्ध’ ठेवावं म्हणून त्याने इ.स.पू. 18 पासून कायद्यांची मालिकाच आणली. तिचा शेवटचा मोठा कायदा इ.स. 9 मधला. सेनेटर, त्याचे मुलगे, नातू आणि पणतू यांना दास्यातून मुक्त झालेल्या स्त्रीशी, नटीशी किंवा नटाच्या मुलीशी लग्न करायला बंदी झाली. दुसऱ्या बाजूला, कुलीन कुमारिकेशी किंवा विधवेशी लग्नाविना संबंध ठेवणं हा ‘स्टुप्रम’ नावाचा गुन्हा ठरला. एकीशी लग्न करता येत नाही, दुसरीशी लग्नाशिवाय राहता येत नाही. या दोन भिंतींच्या मधे जी फट उरली, तिथे कॉन्कुबिना उभी राहिली. मार्सियन हा पंडित म्हणतो, की या नात्याला कायद्यांनीच नाव दिलं आहे, म्हणून ते शिक्षेच्या बाहेर आहे. उल्पियनचं मत आणखी रोखठोक: जिच्याशी संबंध ठेवल्यानं स्टुप्रमचा गुन्हा लागत नाही, अशीच स्त्री कॉन्कुबिना म्हणून ठेवता येते. तिचं वय बारापेक्षा कमी नसावं, ही त्याने घातलेली आणखी एक अट. बारा हेच मुलीच्या लग्नाचंही किमान वय होतं.

मग बायको आणि कॉन्कुबिना यांत फरक ओळखायचा कसा? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. रोमन लग्नाला नोंदणी नव्हती, पुरोहिताची गरज नव्हती, विधी झालाच पाहिजे असंही नव्हतं. दोघं लग्नाला पात्र आहेत आणि नवरा-बायको म्हणून राहायची त्यांची इच्छा आहे, एवढ्यावर लग्न उभं राहत असे. म्हणून पाउलुसला म्हणावं लागलं, की कॉन्कुबिना ओळखायची ती केवळ मनातल्या हेतूवरून. आता मनातला हेतू न्यायाधीशाला कसा दिसणार? हुंड्याचा लेखी करार असेल तर तो पुरावा. नसेल तर? मोदेस्तिनुस या पंडिताचं उत्तर आहे, की स्वतंत्र स्त्री कुणासोबत राहत असेल आणि ती शरीरावर पैसे कमावणारी नसेल, तर ते लग्नच समजावं. नात्याकडे बघत बघत सगळे शेवटी स्त्रीच्या जन्माकडे आणि पूर्वायुष्याकडे बघू लागत. घर तेच, जेवण तेच, झोपणं-उठणं तेच. पण तिची आई गुलाम होती का, ती कधी रंगमंचावर उभी राहिली होती का, यावर तिचं नाव ठरे. उल्पियनने एके ठिकाणी कबूलच केलं आहे, की बायको आणि कॉन्कुबिना यांत प्रतिष्ठेशिवाय दुसरा फरक नाही.

ती प्रतिष्ठा किती महागात पडे, ते मुक्त झालेल्या दासीकडे बघितलं की कळतं. जुन्या मालकाची कॉन्कुबिना असलेल्या अशा स्त्रीला त्याच्या मनाविरुद्ध सोडून जाऊन दुसऱ्याशी लग्न करता येईल का, असा प्रश्न निघाला. उल्पियनचं मत पडलं: नाही, तिचा लग्नाचा हक्क काढून घ्यावा. कारण देताना तो म्हणतो, की मालकाने आपल्या मुक्त दासीला घरची मालकीण करण्यापेक्षा कॉन्कुबिना म्हणून ठेवणं अधिक शोभतं. दास्यातून सुटका झाली, पण दारातून नाही.

या सगळ्यांत जिचा चेहरा सर्वांत स्पष्ट दिसतो ती केनिस. मार्क अँटनीची मुलगी अँटोनिया हिची ती दासी, नंतर मुक्त झालेली, आणि तिची लेखनिक. सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानुस याच्या कारस्थानाबद्दल अँटोनियाने सम्राट तिबेरियसला गुप्त पत्र लिहिलं ते केनिसच्या हातून. लिहून झाल्यावर अँटोनियाने सगळं पुसून टाकायला सांगितलं, तेव्हा केनिस म्हणाली, बाईसाहेब, पुसून उपयोग नाही; हे आणि तुम्ही आजवर सांगितलेलं सगळंच माझ्या मनात कोरलेलं आहे, ते पुसता येत नाही. इतिहासकार दिओने हा प्रसंग जपून ठेवला आहे. वेस्पासियन तिच्यात गुंतला होता. त्याचं लग्न दुसरीकडे झालं. बायको वारल्यावर त्याने केनिसला पुन्हा घरी आणलं. इ.स. 69 मध्ये तो सम्राट झाला, तरी त्याने तिला ‘जवळजवळ लग्नाच्या बायकोसारखं’ ठेवलं, असं चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. हा ‘जवळजवळ’ शब्द मला टोचतो. ज्याच्या शब्दावर सैन्यं हलत, त्यानेही ऑगस्टसने घातलेलं कुंपण तिच्यासाठी ओलांडलं नाही. वेस्पासियनच्या मुलाचं, डोमिशियनचं, वागणंही नोंदलेलं आहे. केनिस प्रवासातून परतली आणि नेहमीसारखी त्याचं चुंबन घ्यायला पुढे झाली, तर त्याने फक्त हात पुढे केला. तिने पदं आणि प्रांतांचे अधिकार विकून अमाप पैसा केला असंही दिओ सांगतो. तिच्या मृत्यूनंतर स्मारक उभारलं ते तिनेच मुक्त केलेल्या अग्लाउसने, आपल्या मुलांसह. त्यावर वेस्पासियनचं नाव नाही. ती कोरलेली आहे अँटोनियाने मुक्त केलेली केनिस म्हणून, आणि ‘उत्तम धनीण’ म्हणून.

तोट्याच्या हिशेबात एक उलटी बाजूही होती. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या देणग्या रोमन कायद्यात रद्दबातल ठरत. कॉन्कुबिनेला दिलेली देणगी मात्र पक्की. पापिनियन या पंडिताने म्हटलं आहे, की ती परत मागता येत नाही. घर, दागिने, पैसा तिच्या नावावर राहू शकत असे. अर्थात देणाऱ्याच्या मनात असेल तरच.

खरी कात्री लागे ती मुलांना. रोममध्ये मूल बापाच्या सत्तेखाली येतं ते कायदेशीर लग्नातून. कॉन्कुबिनेचं मूल आईच्या दर्जावर जाई. आई स्वतंत्र तर मूल स्वतंत्र, पण कायद्याला बाप नाही. गायुस हा पंडित त्यांना ‘जणू बाप नसलेली’ म्हणतो. रोमन माणसाच्या पूर्ण नावात बापाचं नाव येतं, ‘मार्कुसचा मुलगा’ असं. या मुलांच्या नावात तिथे ‘स्पुरियुसचा मुलगा’ अशी खूण कोरलेली दिसते, आणि हा स्पुरियुस म्हणजे कुणीच नव्हे. औरस जन्म सरकारी नोंदीत चढे. या मुलांना ती नोंद बंद होती, म्हणून आया साक्षीदारांसमोर खासगी पाटीवर जन्म लिहून घेत. बापाने मृत्युपत्रात ठेवलं तरच त्यांना बापाचं काही मिळे. आईचा वारसा मिळायला मात्र 178 च्या सेनेटच्या ठरावाने वाट झाली, आणि त्यात औरस-अनौरस भेद नव्हता.

सैनिकांची गोष्ट वेगळी आणि फार मोठ्या संख्येची. ऑगस्टसच्या काळापासून सुमारे दोनशे वर्षं सैनिकाला नोकरीत असताना लग्नच करता येत नव्हतं. नोकरी पंचवीस वर्षांची. माणसं राहिली ती छावणीच्या भिंतीला लागून वसलेल्या वस्त्यांत, बिनलग्नाच्या बायकांसोबत. मुलं झाली, ती बेकायदा. 119 मध्ये सम्राट हॅड्रियनने इजिप्तच्या प्रांताधिपतीला पत्र पाठवून कळवलं, की सेवेत असताना झालेल्या मुलांना, औरस वारस नसतील तर, बापाच्या मालमत्तेवर रक्ताचे नातेवाईक म्हणून दावा करता यावा. आधीच्या सम्राटांचा कठोर नियम आपण आनंदानं अधिक माणुसकीनं लावतो आहोत, असं त्याने लिहिलं. बंदी उठली ती सम्राट सेप्टिमियस सेवेरसच्या हाताने, 197 च्या सुमारास.

ख्रिस्ती धर्म आला तेव्हा हे सगळं एका फटक्यात पाप ठरलं, असं आपण गृहीत धरतो. तसं झालं नाही. सम्राट कोमोदुसची कॉन्कुबिना मार्सिया हिनेच रोमच्या बिशपकडून यादी मागवून सार्डिनियाच्या खाणींत राबणाऱ्या ख्रिस्ती कैद्यांना सोडवलं होतं. 400 मध्ये तोलेदोच्या धर्मसभेनं ठरवलं, की बायको नसलेल्या माणसाला बायकोच्या जागी एक कॉन्कुबिना असेल आणि तो तिच्यावरच समाधानी असेल, तर त्याला चर्चमधल्या प्रसादापासून दूर ठेवू नये.

त्या आधी पंधरा वर्षं मिलानमध्ये जे घडलं ते ऑगस्टीनने, पुढे बिशप आणि संत झालेल्या माणसाने, स्वतःच ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. कार्थेजमध्ये शिकत असताना, अठराच्या आसपास, तो एका स्त्रीसोबत राहू लागला. मुलगा झाला, त्याचं नाव अदेओदातुस, म्हणजे आपला देवदत्त. पुढे मिलानमध्ये नोकरी चढती झाली, आईने चांगल्या घरची मुलगी पाहिली, आणि जवळजवळ पंधरा वर्षांची सोबत अडचण ठरली. तिला आफ्रिकेला परत पाठवलं. यापुढे दुसरा पुरुष नाही, असा नवस बोलून ती गेली. मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीन लिहितो, जिथे हृदय तिला चिकटलं होतं तिथेच ते फाटलं आणि रक्ताळत राहिलं. ठरवलेली मुलगी लग्नाच्या वयाला दोन वर्षं कमी होती. तेवढं थांबणं जमेना, म्हणून त्याने मधल्या काळापुरती दुसरी स्त्री आणली. हे लग्न शेवटी झालंच नाही. इतकं सगळं उघड करणाऱ्या त्या पुस्तकात तिचं नाव एकदाही येत नाही. मात्र 401 च्या सुमारास विवाहावर लिहिताना त्याने असा प्रश्न घेतला, की एखाद्याने मानाची किंवा पैशाची बायको मिळेपर्यंत एक स्त्री ठेवली, तर? तो माणूस मनाने व्यभिचारीच, असा त्याने निकाल दिला. आणि त्याच्याशी निष्ठेनं राहिलेली, नंतरही दुसऱ्या कुणाचा विचार न करणारी ती स्त्री, हिला व्यभिचारिणी म्हणायला माझी जीभ सहज वळणार नाही, असं लिहिलं. तो निकाल कुणाबद्दल आहे, हे त्याच्या वाचकाला सांगावं लागत नाही.

धर्मपीठाचा सूर वेगळा होता. पोप लिओ पहिला याने पन्नासेक वर्षांनी नार्बोनच्या बिशपला कळवलं, की दासीला शय्येवरून दूर करून खात्रीच्या कुळातली बायको करणं म्हणजे दुसरं लग्न नव्हे, ती प्रतिष्ठेची प्रगती आहे.

सम्राट एकीकडे दारं लावत होते, एकीकडे उघडत होते. कॉन्स्टंटाइनने 336 मध्ये बड्या अधिकाऱ्यांना दासी, नटी, खानावळवाली अशा स्त्रियांपासून झालेल्या मुलांना काही देण्यावर बंदी घातली. आणि कॉन्कुबिनेशी नंतर लग्न केलं तर आधीची मुलं औरस ठरण्याची सोयही त्यानेच आणली. सहाव्या शतकात जस्टिनने रंगमंच सोडलेल्या नटीला कुणाशीही लग्न करायची मुभा दिली, कारण त्याच्या भाच्याला, जस्टिनियनला, थिओडोराशी लग्न करायचं होतं. पुढे जस्टिनियनने बायको आणि औरस मुलं नसतील तर कॉन्कुबिना आणि तिची मुलं यांना मिळून मालमत्तेचा सहावा हिस्सा दिला. उल्पियन, पाउलुस, मार्सियन यांची वर दिलेली बरीचशी वचनं उरली तीही 533 मध्ये त्याच्याच पंडितांनी केलेल्या संकलनामुळे. कॉन्कुबिनेवरच्या प्रकरणात तिथे जेमतेम पाच उतारे आहेत.

पूर्वेकडच्या साम्राज्यात हे नातं कायद्याने संपवलं ते सम्राट लिओ सहावा याने. स्वच्छ पाण्याचा झरा मिळत असताना माणसाने गढूळ पाणी का प्यावं, असं त्याने कायद्यात लिहिलं. त्यानंतर त्याच्या बायका एकामागून एक वारल्या, वारस उरला नाही. 905 मध्ये त्याला मुलगा झाला तो झोई नावाच्या स्त्रीपासून, आणि तिच्याशी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पेट्रिआर्कने, म्हणजे राजधानीच्या मुख्य धर्मगुरूने, मुलाचा बाप्तिस्मा केला तो झोईला दूर करण्याच्या अटीवर. लिओने तिला दूर केलं नाही, तिच्याशी लग्न केलं. हे त्याचं चौथं लग्न, धर्माला अमान्य. पुढच्या नाताळात पेट्रिआर्कने सम्राटाला चर्चच्या दारातूनच परत पाठवलं. मुलगा मोठा होऊन गादीवर बसला, सातवा कॉन्स्टंटाइन म्हणून.