कोळंबीचे क्रीमी सॅलड पाणी का सोडते? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोललेली, साफ केलेली कोळंबी आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार गेले काही महिने वारंवार येत आहे. मेयोनीज घालून घरी केलेले कोळंबीचे सॅलड पानात वाढेपर्यंत पातळ होते, भांड्याच्या तळाशी पांढरट पाणी साचते आणि कोळंबी चिवट लागते. तुमच्या कोळंबीत पाणी भरलेले असते का, असेही काही जणांनी स्पष्टपणे विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आधी आमच्या बाजूचे सांगतो. या व्यवसायात काही ठिकाणी सोललेली कोळंबी फॉस्फेट मिसळलेल्या पाण्यात मुरवतात. तिच्यात पाणी धरून राहते, वजन वाढते आणि ती फुगीर व चकचकीत दिसते. शिजवताना मात्र त्यातले बरेच पाणी बाहेर येते. आम्ही ही प्रक्रिया करत नाही. गोठवलेल्या पाकिटातील कोळंबीवर बर्फाचा पातळ थर असतो, कारण त्यावाचून ती फ्रीझरमध्ये सुकते आणि तिच्यावर पांढरे डाग पडतात. परंतु पाकिटावर छापलेले वजन हा थर वगळून असते. सबंध कोळंबीचे डोके, कवच आणि पाठीतला काळा धागा काढल्यावर किलोमागे साधारण अर्धा किलोच माल हाती लागतो. आमचा दर बाजारातील सबंध कोळंबीशी ताडून पाहताना एवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.

मग पाणी येते कुठून? बहुतेक वेळा उकडलेली कोळंबी ओली आणि कोमट असतानाच मेयोनीजमध्ये मिसळली जाते, तिथून. खात्री करून घेण्यासाठी आम्ही एकाच पाकिटातील कोळंबी एकत्र उकडली. अर्धी चाळणीतून काढून तशीच मेयोनीजमध्ये घातली, उरलेली थंड करून, कापडाने टिपून मग मिसळली. तासाभराने पहिल्या वाडग्याच्या तळाशी पाणी साचले होते, तर दुसऱ्या वाडग्यातील मिश्रण चमचा उभा राहील इतके घट्ट होते.

मेयोनीज म्हणजे लिंबूरस किंवा व्हिनेगर यांच्या थोड्या पाणीदार भागात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब धरून ठेवलेले मिश्रण असते. त्यात वरून पाणी पडले की ते सैल होते आणि उष्णता लागली की अधिकच पातळ होते. गरम कोळंबी तर दोन्ही एकदम देते, कारण चुलीवरून उतरवल्यावरही ती आतून शिजत राहते आणि निवताना स्वतःतील ओलावा बाहेर टाकते. कालवणात हा रस रश्शात उतरतो आणि चव वाढवतो, त्यामुळे आपल्या स्वयंपाकात त्याची काळजी करण्याची वेळच येत नाही. सॅलडात मात्र त्याला जायला दुसरी जागा नसते.

म्हणून पुढील क्रम पाळावा. गोठवलेले पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भांड्यावर ठेवलेल्या चाळणीत सुटू द्यावे, म्हणजे वितळलेले पाणी खाली निथळते. घाई असेल तर बंद पाकीट थंड पाण्यात बुडवून ठेवावे. गरम पाण्यात किंवा ओट्यावर उन्हाळ्याच्या हवेत ठेवू नये. सवयीने मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून कोळंबी मुरवत ठेवण्याचा मोह येथे आवरावा. मीठ कच्च्या कोळंबीतील पाणी ओढून काढते आणि हळदीमुळे सॅलडाचा रंग पालटतो.

अर्धा किलो कोळंबीसाठी दोन लिटर पाणी घेऊन त्यात दोन मोठे चमचे मीठ आणि एक तमालपत्र घालावे. पाणी खळखळू लागले की कोळंबी टाकून आच मंद करावी. मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन मिनिटे पुरतात. घड्याळापेक्षा आकारावर लक्ष ठेवावे: ती विळ्यासारखी वाकली आणि करडा रंग जाऊन गुलाबी झाली की काढावी. शेपटी डोक्याच्या बाजूला टेकून पूर्ण वेटोळे झाले, तर ती जास्त शिजली असे समजावे, कारण आकसलेल्या मांसातून रस पिळून निघालेला असतो आणि चिवटपणा तिथूनच येतो. काढताक्षणी बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवावी, निथळावी, स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसरून वरून दुसऱ्या कापडाने हलक्या हाताने टिपावी आणि न झाकता अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. याच अर्ध्या तासाला बहुतेक घरांत फाटा दिला जातो. पाहुणे दारात आले तरी तो वगळू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

काकडीही तितकीच पाणी सोडते, हे कोशिंबीर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिया काढून बारीक चिरलेल्या काकडीला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे आणि घट्ट पिळूनच वापरावे. पाच मोठे चमचे मेयोनीज, तीन मोठे चमचे चक्का, अर्ध्या लिंबाचा रस, एक लहान चमचा मोहरीची पेस्ट, ताजी भरडलेली मिरी आणि बारीक चिरलेला थोडा शेपू एकत्र करावा. नुसते मेयोनीज जड वाटते, नुसते दही पातळ होते. चक्का दोन्ही अडचणी दूर करतो आणि त्याची आंबट चव कोळंबीला उत्तम साथ देते. शेपू न आवडल्यास कोथिंबीर चालेल. मीठ अखेरीस, चव पाहूनच घालावे.

कोणती कोळंबी घ्यावी, असेही विचारले जाते. करंदी स्वस्त मिळते, पण ती आमटीला किंवा भज्यांना द्यावी. सॅलडात ती हरवून जाते आणि क्षणात जास्त शिजते. समुद्राचीच हवी असा अनेकांचा आग्रह असतो आणि कालवणासाठी आम्हीही तीच सुचवतो. सॅलडासाठी मात्र आम्ही तळ्यात वाढवलेल्या व्हेनामीला पसंती देतो. मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात भारतात २००९ पासून रीतसर वाढवली जाते आणि तिचे सर्वाधिक उत्पादन आंध्र प्रदेशात होते. तिचे नग एकसारखे असल्याने सगळी कोळंबी एकाच वेळी शिजते. ही सोय समुद्राच्या मिश्र आकाराच्या मालात मिळत नाही.

तयार सॅलड फ्रीजमध्येच ठेवावे, जेवणाच्या मेजावर दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. ते गोठवू नये, कारण मेयोनीज फाटते. कवचाच्या माशांची अॅलर्जी शिजवल्याने जात नाही, म्हणून वाढण्यापूर्वी पाहुण्यांना अवश्य विचारावे.

मागणी नोंदवताना ‘सॅलडसाठी’ एवढे सांगितल्यास आम्ही एकाच आकाराचे नग निवडतो, शेपटीचे कवचही काढतो आणि धागा काढताना पाठीला अगदी उथळ चीर देतो, कारण खोल चिरेत पाणी अडकून राहते. निवडीला वेळ लागतो, त्यामुळे अशी मागणी एक दिवस आधी कळवावी. वर दिलेला क्रम पाळूनही सॅलड पाणी सोडत असेल, तर पाकिटावरील तारखेसह आम्हाला कळवावे. त्या पाकिटाच्या बदल्यात आम्ही दुसरे पाकीट देऊ.