पित्ताची गोळी आणि पुदिन्याचं तेल : ही जोडी जमली कशी?

शेवभाजीची तर्री, कळण्याची भाकरी, वर ठेचा. खानदेशात जेवणानंतर छातीत जळजळ झाली तर कुणी फारसं मनावर घेत नाही. खाण्याचा सोडा, ओवा, नाहीतर बत्ताशावर अमृतधारेचे थेंब, हे उपाय घरात असतातच. कापूर, ओव्याचं सत्त्व आणि पुदिन्याचं सत्त्व हे तिन्ही कोरडे पदार्थ एकत्र केले की आपोआप पातळ होतात. अमृतधारा ती हीच. आम्लपित्ताचं वर्णन तर काश्यपसंहितेत आणि माधवनिदानातही आहे.

हे थेंब रूढ झाले तेव्हा जठरातलं आम्ल बनणंच रोखणारं औषध नव्हतं. सोडा तयार झालेलं आम्ल तेवढं मारायचा. चित्र पालटलं ते 1976 साली ब्रिटनमध्ये आम्ल बनणंच रोखणारं सिमेटिडिन हे औषध आल्यावर. त्यामागचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल बाजारात आलं, पुढे पॅन्टोप्राझोल. आज धुळ्या-जळगावात ‘पित्ताची गोळी’ म्हणून अनशापोटी घेतली जाते ती बहुतेक याच घराण्यातली.

पुदिन्याच्या तेलानेही दरम्यान वेगळी वाट धरली होती. ते स्नायू सैल करतं, म्हणून आतड्याच्या मुरड्यावर उपयोगी. पण अन्ननलिकेच्या तळाची झडपही त्याने सैल पडते आणि आम्ल वर येतं. म्हणजे जळजळीवर नुसते थेंब घेणं उलटंच पडू शकतं, हे आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. यावर तोड म्हणून आम्लात न विरघळणारं आवरण घातलेली कॅप्सूल आली. तिची एक चाचणी 1979 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. आवरण जठरात टिकतं आणि आतड्यात आम्ल संपलं की सुटतं.

घोटाळा इथेच होतो. पित्ताच्या औषधाने जठरातलंच आम्ल घटलं, तर कॅप्सूल तिथेच फुटू शकते आणि तेल नको तिथे सांडतं. सोडा किंवा पातळ अँटासिड असेल तर दोनेक तासांचं अंतर ठेवून भागतं. ओमेप्राझोलचा परिणाम मात्र दिवसभर राहतो, तिथे अंतर ठेवून फारसं काही साधत नाही. गंमत म्हणजे ओमेप्राझोललाही स्वतःला आम्ल सोसत नाही, त्यामुळे तेही असंच आवरणात येतं. पित्ताची गोळी आणि पुदिन्याची कॅप्सूल दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना थेंबांचंही सांगावं. ‘ते तर घरचंच’ म्हणून नेमकं तेच सांगायचं राहतं.