पान्हा चोरणारी म्हैस आणि डूला

माझ्या मावसबहिणीनं बँकेतली नोकरी सोडून डूलाचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "म्हणजे सुईणच ना गं? इंग्रजी बोलणारी?" नव्हे. सुईण बाळंतपण करते. डूला आतून तपासत नाही, औषध देत नाही, नाळ कापत नाही. सिझर करायचं की थांबायचं, हे डॉक्टर आणि ती बाई ठरवणार. "मग पैसे कसले घेणार?" "कळा येत असताना बाईच्या सोबत बसायचे," बहीण म्हणाली. काका नुसतेच हसले.

मला मात्र आजोळची म्हैस आठवली. आजीशिवाय दुसरं कुणी धारेला बसलं की ती पान्हा चोरायची. कास तट्ट भरलेली, रेडकू ढुसण्या देऊन दमलेलं, पुढ्यात पेंड. पण मामा बादली घेऊन बसला की चार शिंतोड्यांपलीकडे काही नाही. आजीनं येऊन पाठीवर हात फिरवला, "हं बाई" म्हटलं, की जरा वेळात आचळं टपकायला लागायची. जनावर मुद्दाम छळतं, असं मामाचं ठाम मत.

म्हैस मुद्दाम काही करत नव्हती. दूध कासेत तयार असतं, पण ते खाली ढकलायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून ते रक्तात सुटतं. १९४१ साली एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर १० सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. गायीनं पान्हा घातला नाही. मग मांजराऐवजी ॲड्रेनलिन टोचलं, तरी तेच. घाबरल्यावर शरीरात जे सुटतं, त्यानंच पान्हा अडवला होता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी फर्ग्युसन नावाच्या शास्त्रज्ञानं सशांवरच्या प्रयोगांतून याच ऑक्सिटोसिनचं दुसरं काम दाखवलं. गर्भाशयाचं तोंड ताणलं गेलं की मज्जातंतूंवाटे निरोप वर जातो, पिट्युटरी ऑक्सिटोसिन सोडते, गर्भाशय आवळतं, बाळाचं डोकं खाली रेटलं जातं आणि तोंड आणखी ताणलं जातं. मग आणखी ऑक्सिटोसिन. शरीरातली बहुतेक नियंत्रणं गीझरसारखी असतात, पाणी तापलं की आपोआप बंद. हे चक्र उलटं आहे, ते स्वतःलाच चढवत नेतं. बाळ बाहेर आलं की ताण संपतो आणि चक्र तुटतं. 'सुटका झाली' हा आपला शब्द शरीरक्रियेच्या दृष्टीनंही इतका नेमका आहे, की मला त्याचा हेवा वाटतो.

आता जरा आत शिरू. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, मला मात्र तो सोडवत नाही.

गर्भाशय हा गुळगुळीत स्नायू. ऑक्सिटोसिन त्याच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूला, चिकटलं की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं होतं. ते मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागं करतं आणि स्नायू आवळतो. कळ आली. उलट ॲड्रेनलिन बीटा-२ रिसेप्टरला चिकटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, तेच विकर मंदावतं आणि स्नायू सैलावतो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामोल श्वासनळीतल्या स्नायूत हेच करतं. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर आपल्याकडे वर्षानुवर्षं आयसॉक्सुप्रिन देतात, तेही हेच बटण दाबतं. म्हणजे कळा थांबवायला डॉक्टर जे बटण वापरतात, तेच बटण भीतीनं आतून दाबलं जाऊ शकतं. शिवाय ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे चक्र चालू ठेवायचं तर ते पुन्हा पुन्हा सुटत राहायला हवं. सलाईनमधून देतात ते 'कळांचं इंजेक्शन' म्हणजे हाच नऊ अमिनो आम्लांचा रेणू. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी तो १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

इतकं सुंदर चित्र दिसलं की मला संशय येतो, आणि तो रास्त आहे. १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचं जनुकच नसलेल्या उंदरिणी तयार केल्या. त्या बिनबोभाट व्याल्या! अडलं ते पुढे. पान्हाच फुटेना, त्यामुळे पिल्लं मेली. म्हणजे बाळंतपणाला पर्यायी वाटा असतात, पान्ह्याला नाहीत. ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हॉर्मोन' म्हणून विकणाऱ्यांनी हे उंदीर एकदा पाहावेत. कुंकवानं ताटात चक्रव्यूह काढून ते धुतलेलं पाणी बाळंतिणीला पाजणारे आणि पत्रिकेसाठी मुहूर्त गाठून सिझर करून घेणारे तर वेगळ्याच शास्त्रातले.

मग सोबतीनं माणसांत खरंच फरक पडतो का? ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात पहिलटकरणींवर झालेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी पण आपुलकीची बाई शेजारी बसलेल्या गटात दाखल झाल्यापासून सुटकेपर्यंत सरासरी ८.८ तास, एकट्या राहिलेल्या गटात १९.३ तास. हा आकडा आजही जाहिरातींत फिरतो. पण ही तुलना प्रत्येकी २० जणींचीच होती, आणि काही गुंतागुंत झालेल्या बायका त्यातून वगळल्या होत्या. पुढे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था अनेक चाचण्या एकत्र करून तपासते) २६ चाचण्या आणि १५,८५८ बायका एकत्र आल्या, तेव्हा कळांचा वेळ सरासरी सुमारे ४१ मिनिटांनी कमी भरला. साडेदहा तास कुठे आणि ४१ मिनिटं कुठे! तरी त्याच आढाव्यात सिझरची शक्यता साधारण पाव हिश्शानं घटली. एवढी घट एखाद्या गोळीनं केली असती तर कंपनीनं तिला सोन्याचा भाव लावला असता.

माझी आवडती चाचणी ह्यूस्टनची, १९९१ ची. तिथं एका गटात डूला होती, तर दुसऱ्यात एक बाई खोलीत नुसती बसून नोंदी करायची, ना बोलणं ना हात लावणं. सिझरचं प्रमाण एरवी १८ टक्के, नुसती बसलेली बाई असताना १३ आणि डूला असताना ८.

'डूला' हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ दासी. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी १९७० च्या दशकात तो या अर्थानं रूढ केला. प्रशिक्षणात शिकवतात ते फारच साधं वाटतं. कळ आली की प्रश्न विचारायचा नाही. तळहाताची टाच कंबरेच्या खाली, मणका संपतो त्या सपाट हाडावर रोवून दाबायची. बहिणीनं माझ्यावर करून दाखवलं तेव्हा मी खुर्चीसकट पुढे सरकलो. दोन कळांच्या मधे घोटभर पाणी, कूस बदलायला मदत, बाहेर बसलेल्या सासूबाईंना "चार बोटं उघडलंय, वेळ आहे अजून" हे सांगून येणं. आणि बाळाचे ठोके घसरून डॉक्टर "आत्ता घ्यायचं" म्हणाले, तर हात सोडून बाजूला होणं. हे शेवटचं सर्वांत अवघड, असं ती म्हणते.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अपेक्षा अशी की ती नात्यातली असावी आणि शक्यतो स्वतः या अनुभवातून गेलेली. बहीण पहिल्यांदा एका दवाखान्यात सोबतीला गेली, तेव्हा फॉर्मवर 'पेशंटशी नाते' असा रकाना होता. ती पेन धरून जरा थांबली आणि तिनं लिहिलं, 'मावशी'. तासाभरात शेजारच्या दोन खाटांवरून हाका सुरू झाल्या, "मावशी, बेडपॅन द्या हो."