बोव्हे कॅथेड्रल

फ्रान्सच्या उत्तर भागातील बोव्हे शहरात सेंट पीटरच्या नावाने उभारलेले रोमन कॅथलिक बिशपपीठाचे चर्च. त्याच्या वेदीगृहाचे दगडी छत जमिनीपासून सुमारे ४८ मीटर उंच असून गॉथिक स्थापत्यात याहून उंच छत नाही. तरीही ही वास्तू अपुरीच राहिली. वेदीगृह आणि त्याला काटकोनात छेदणारे आडवे दालन एवढेच बांधून झाले. भाविकांसाठीचे मुख्य दालन जिथे व्हायचे, तिथे दहाव्या शतकातील बुटके चर्च, बास-अव्र, अजून उभे आहे.

बांधकाम १२२५ मध्ये सुरू झाले आणि वेदीगृह १२७२ मध्ये पुरे झाले. बाराच वर्षांनी, १२८४ मध्ये, छताचा काही भाग कोसळला. कमानदार दगडी छत भिंतींना सतत बाहेर रेटते. हा रेटा तिरप्या आधारकमानी बाहेरच्या दगडी खांबांवर नेतात. बोव्हेत खांब सडपातळ होते, त्यांतील अंतर जास्त होते आणि उंचीमुळे वाऱ्याचा मारा मोठा होता. नेमके कारण वादग्रस्त आहे. वाऱ्याने आधारकमानी कमकुवत झाल्या, असे काही अभ्यासक मानतात. चुन्याचा सांधा वर्षानुवर्षे दबत जाऊन बारीक खांबांवर नको तेवढा भार आला, असे इतरांचे मत आहे. दुरुस्ती करताना जुन्या खांबांच्या मधोमध नवे खांब घातले गेले. त्यामुळे छताचे चार भागांचे खण सहा भागांचे झाले. वेदीगृहात दिसणारी खांबांची दाटी या दुरुस्तीतून आली आहे.

दुसरी चूक अधिक टाळण्याजोगी होती. आडवे दालन सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झाल्यावर मुख्य दालनाऐवजी मध्यभागी मनोरा चढवला गेला. १५६९ मध्ये तो १५३ मीटरवर पोहोचला. पश्चिमेला दालनच नसल्याने त्या बाजूच्या खांबांना टेकू नव्हता. ३० एप्रिल १५७३ रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, मनोरा कोसळला. त्यानंतर मुख्य दालनाचा एक खण तेवढा सुरू झाला आणि काम थांबले.

आत ओग्यूस्त-ल्यूसियाँ वेरीते यांनी १८६५ ते १८६८ या काळात घडवलेले, ५२ तबकड्यांचे खगोलीय घड्याळ आहे.

जतनाचे काम आजही कठीण आहे. आधारकमानींना जोडणाऱ्या जुन्या लोखंडी सळया १९६० च्या दशकात काढल्या, तेव्हा कमानी वाऱ्याने हलू लागल्या आणि पोलादी सळया घाईने बसवाव्या लागल्या. १९९० च्या दशकात आडव्या दालनात लाकूड व पोलादाचे भक्कम टेकू उभारले गेले.