सायकलचं सीट, पॅडची चड्डी आणि बैठकीची दोन हाडं

नवी सायकल घेतलेल्या माणसाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात खडकवासल्याला, नाहीतर थेट लोणावळ्याला जाऊन यायचं. सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत एका कुल्ल्यावर कलून बसायचं. मंगळवारी सीटवर चढवायचं जेलचं कव्हर मागवायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही की दुकानातली सर्वांत जाड पॅडची शॉर्ट्स घ्यायची. एवढं करून पुढच्या राइडला दुखणं जात नाही, फक्त जागा बदलतं. आधी मागं दुखत होतं, आता मधे बधिर व्हायला लागतं. मऊ म्हणजे आरामाचं, हे घरच्या सोफ्यावर खरं असतं. सायकलच्या सीटवर ते बऱ्याचदा उलटं पडतं.

टणक बाकावर ताठ बसा आणि तळहात बुडाखाली सरकवा. दोन्ही बाजूंना एकेक हाडाचा उंचवटा हाताला टोचेल. कंबरेच्या हाडांचा हा सर्वांत खालचा भाग, म्हणजे आसनास्थीचे उंचवटे. सायकलवाले त्यांना ‘सिट बोन्स’ म्हणतात. आपण उभे असतो तेव्हा नितंबाचा मोठा स्नायू त्यांच्यावरून गेलेला असतो. बसताना मांडी वाकली की तो वर सरकतो आणि हाडांखाली उरते ती चरबी आणि त्वचा. बसल्यावर शरीराचं वजन पेलायची जागा हीच. ती पहिल्या काही राइडना दुखते, मुका मार लागल्यासारखी. अधूनमधून विश्रांती देत थोडं थोडं अंतर वाढवलं तर दोन-तीन आठवड्यांत हे दुखणं बरंचसं ओसरतं. त्यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही.

या दोन हाडांच्या मधल्या जागेचं तसं नाही. तिथून प्युडेंडल नावाचा मज्जातंतू आणि त्याच्या सोबतच्या रक्तवाहिन्या जननेंद्रियांकडे जातात. केशवाहिनीच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या, सुरुवातीच्या टोकाला रक्ताचा दाब जेमतेम ३२ मिलिमीटर पारा असतो. बाहेरून त्याहून जास्त दाब आला आणि तसाच राहिला, तर तिथला रक्तपुरवठा अडखळतो. सायकलच्या सीटवर तेवढा दाब यायला फार काही लागत नाही. मुंग्या येणं, बधिर होणं ही त्याचीच खूण. हाडं दुखणं सवयीनं जातं. बधिरपणाची मात्र सवय करून घ्यायची नसते. ‘सगळ्यांनाच होतं, होईल सवय’ असं सांगणारा सीनियर प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो. त्याचं टायर बदलण्याबाबत ऐकावं, याबाबत ऐकू नये.

आता जेलच्या कव्हरचं काय होतं ते बघा. मऊ सीटवर हाडं आत रुततात. ती जितकी खाली जातात तितका मधला मऊ भाग वर येतो आणि जिथे दाब नको तिथेच रेटा देतो. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या सीटवर बसवून शिश्नाच्या त्वचेतला प्राणवायूचा दाब मोजला. अरुंद पण भरपूर गादी असलेल्या सीटवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घसरला. रुंद, बिनगादीच्या आणि पुढचं नाक नसलेल्या सीटवर घसरण सुमारे २० टक्के होती. गादी कोणत्या सीटला होती ते लक्षात घ्या.

अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या तक्रारींमुळे तिथल्या सरकारच्या, कामाच्या जागचं आरोग्य बघणाऱ्या संस्थेनं हा विषय हातात घेतला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९० पोलिसांनी सहा महिने बिननाकाचं सीट वापरलं. आधीच्या सहा महिन्यांत सायकल चालवताना बधिरपणा अजिबात आला नाही असं सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते, शेवटी ८२ टक्के झाले. म्हणून सगळ्यांनी नाक नसलेलं सीट घ्यावं असं नाही. वळताना आणि तोल सांभाळताना ते नाक मांड्यांना उपयोगी पडतं. पण वजन हाडांवर न्या आणि मधली जागा मोकळी सोडा, एवढं त्यातून घेता येतं. मधे खाच किंवा भोक असलेली सीट त्याचसाठी बनवतात.

म्हणून शॉर्ट्सच्या आधी सीट. आणि सीटच्या बाबतीत पहिला प्रश्न रुंदीचा. दोन हाडांमधलं अंतर बहुतेकांचं १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान असतं, बायकांचं सरासरीनं जरा जास्त. माणूस किती जाड यावरून त्याचा अंदाज येत नाही. धिप्पाड माणसाची हाडं जवळजवळ असू शकतात. मोजायला दुकानात जायची गरज नाही. टणक स्टुलावर खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा उचलून जरा पुढे वाका आणि मिनिटभरानं उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर अधिक साधारण दोन सेंटीमीटर, इतक्या रुंदीच्या सीटपासून शोध सुरू करावा. हँडल उंच असेल आणि तुम्ही ताठ बसत असाल तर आणखी रुंद चालेल. रोड बाइकवर पुढे झुकल्यावर कंबर पुढे कलते आणि वजन हाडांच्या पुढच्या, निमुळत्या भागावर येतं, तिथे रुंद सीट मांड्यांना घासतं.

ताठ बसण्यावरून आठवलं. काळ्या लोखंडी सायकलवरून आयुष्यभर दूध घातलेल्या माणसांनी पॅडची चड्डी पाहिलेली नसते. ते रुंद, स्प्रिंगच्या सीटवर ताठ बसतात, सावकाश पाय मारतात आणि दर दोन घरांमागे उतरतात. तुम्हीही अर्ध्या तासात ऑफिस गाठणारे असाल तर साधी, जाड शिवण नसलेली पँट पुरते. पॅडचा विषय सुरू होतो तो तासाभराच्या पुढे.

तिथे मुख्य शत्रू दाब नसून घर्षण असतं. पॅडलच्या मिनिटाला ८० फेऱ्या झाल्या तर तासाला ४,८००. म्हणजे प्रत्येक मांडी तासाला ४,८०० वेळा सीटच्या कडेवरून खालीवर जाते, आणि मधे काय आहे यावर कातडी टिकते की सोलवटते ते ठरतं. त्यात घाम. कोरड्या त्वचेपेक्षा ओली त्वचा कापडाला जास्त धरते. पूर्ण भिजलेल्या कापडाशी तिचं घर्षण दुपटीहून वाढलेलं मोजलं गेलंय. शिवाय भिजून मऊ झालेला त्वचेचा वरचा थर लवकर निघतो. जांघेत काचतं ते इथून.

चांगली शॉर्ट्स यावर जी युक्ती करते ती साधी आहे. पॅडची आतली बाजू त्वचेला घट्ट चिकटून राहते, लायक्रा या ताणणाऱ्या कापडाची बाहेरची बाजू गुळगुळीत असते. हालचाल टाळता येत नाही, पण ती कापड आणि सीट यांच्यात होते. त्वचा आणि कापड यांच्यात होत नाही. शॉर्ट्स इतकी तंग का, आणि आत अंडरवेअर का घालायची नाही, याचं उत्तर यातच आहे. अंडरवेअर घातली की घसरणारा आणखी एक थर आला, तोही त्वचेला लागून, तोही बहुधा घाम धरून ठेवणाऱ्या सुती कापडाचा, आणि त्याच्या शिवणी नेमक्या जांघेत. नवख्यांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. पण पॅडची चड्डी हीच अंडरवेअर आहे असं समजावं. तंग कपड्यात मिसळ खायला उतरायचा संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफपँट घाला, किंवा आतून घालायची पातळ पॅडवाली चड्डी मिळते ती घ्या. फक्त वरच्या पँटला मधोमध जाड शिवण नको.

पूर्वी शर्यतवाले लोकरीच्या चड्ड्या घालत आणि त्यांना आतून खऱ्या चामड्याचं अस्तर असे. धुतल्यावर ते कडक होई, मग मलम चोळून मऊ करावं लागे. तेव्हाही ते अस्तर त्वचा वाचवायला होतं, गादी म्हणून नव्हतं. आजच्या पॅडमध्ये वर घाम ओढून पसरवणारं कृत्रिम कापड आणि खाली वेगवेगळ्या घनतेचा फोम असतो. जाडीपेक्षा ही घनता महत्त्वाची. दर घनमीटरला किती किलो, अशी ती सांगतात. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम साधारण ८० ते १२० किलोचा असतो. हलका, फुगीर फोम दुकानात हाताला छान लागतो आणि तासाभरात चपटा होतो. लेबलवर आकडा नसेल तर हाडांखाली येणारा भाग अंगठा आणि बोटात जोरात दाबून पाहा. बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली तर ती चड्डी छोट्या फेरीची.

घालून बघताना उभं राहून आरशात पाहू नका. उभ्यानं प्रत्येक चांगली शॉर्ट्स विचित्रच वाटते, कारण ती वाकलेल्या माणसासाठी बेतलेली असते. हँडल धरल्यासारखे वाका, एक पाय स्टुलावर ठेवा, आणि दाट फोम हाडांखाली येतोय का, पॅड सुरकुततोय का ते तपासा. पॅड हातानं सहज इकडेतिकडे सरकत असेल तर एक साइझ लहान घ्या. बायकांनी बायकांसाठी बेतलेलाच पॅड घ्यावा. हाडांमधलं अंतर वेगळं, मधल्या भागाची रचना वेगळी. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स कमरेला काचत नाही आणि पॅड जागचा हलू देत नाही, पण रस्त्यात लघवीला थांबायचं म्हणजे बायकांना अर्धे कपडे उतरवावे लागतात, आणि आपल्या महामार्गांवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था सांगायला नको. माझं मत विचाराल तर पहिली शॉर्ट्स साधी, कमरेची घ्यावी. पैसे राखून तशीच दुसरी घ्यावी. का ते पुढे येईल.

सीटची उंची चुकली तर महागातली चड्डीही काही करू शकत नाही. सीट जास्त उंच असेल तर पॅडल खाली नेताना कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि दर फेरीला तीच जागा घासते. फक्त एकाच बाजूला काचत असेल तर आधी उंची तपासा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेलं की गुडघा जेमतेम सरळ व्हावा, ही सुरुवातीची खूण. सीट समतळ ठेवा. नाक वर असेल तर मधल्या भागावर दाब येतो, फार खाली असेल तर तुम्ही पुढे घसरता आणि मनगटं दुखतात. बायकांना पुढे झुकल्यावर नाक थोडं खाली हवं असतं. जागतिक सायकलिंग संघटना शर्यतींमध्ये एके काळी जेमतेम अडीच अंशांचा कल चालवून घेई. महिला खेळाडूंच्या जखमांचा अनुभव घेऊन ब्रिटिश सायकलिंगनं पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये ही मर्यादा नऊ अंश झाली. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पॅडलवर उभं राहायचं. दबलेल्या भागात रक्त परत यायला एवढं पुरतं.

घासून सोलवटलेल्या कातडीत जंतू शिरले की प्रकरण केसतुडावर जातं. त्वचेवर एरवीही राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू केसाच्या मुळाशी उतरतात आणि गाठ होते, ठणका लागतो. फ्रेंच सायकलपटू लुइझों बोबेनं १९५५ची टूर द फ्रान्स शर्यत असल्या गळवांसह जिंकली आणि नंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आयर्लंडचा शॉन केली १९८७च्या स्पेनच्या शर्यतीत आघाडीवर होता, शर्यत संपायला थोडेच दिवस उरलेले, आणि अशाच गळवामुळे त्याला सायकलवरून उतरावं लागलं. तुम्हाला कोणी विजेत्याची पिवळी जर्सी देणार नाहीये. गाठ दिसली की सायकल ठेवा, गरम पाण्यानं शेका, फोडू नका. ताप आला किंवा लाली पसरली तर डॉक्टर गाठा. जांघेतले केस काढल्यामुळेही केसतूड वाढतात. रिओ ऑलिम्पिकच्या आधी ब्रिटिश महिला खेळाडूंना केस राहू द्या असंच सांगितलं गेलं होतं.

सायकलवाले जांघेत लावतात त्या क्रीमचं काम घर्षण कमी करण्याचं. राइडच्या आधी त्वचेला आणि पॅडच्या कडांना लावा. व्हॅसलीन चालतं, पण पॅडमधून धुऊन निघता निघत नाही. टाल्कम पावडरचे घामात गोळे होतात. जुलैत कोकणात किंवा मुंबईत सायकल चालवणाऱ्यानं हे धरून चालावं की हवाच दमट असल्यावर कोणतंही कापड घाम वाळवू शकत नाही. तिथे क्रीम मधेच पुन्हा लावावं लागतं.

राइड संपली की चड्डी लगेच बदला. मिसळ, चहा आणि तासभर गप्पा ओल्या पॅडवर बसून झाल्या की पुढच्या आठवड्याची खाज पक्की. दर राइडनंतर उलटी करून धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. पावसाळ्यात पॅड दोन दिवस वाळत नाही. दुसरी चड्डी लागते ती इथे.

आणि जांघेत कडेला लाल, मधे फिकट असा गोल चट्टा उठला तर ते काचणं नव्हे, गजकर्ण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हट्टी गजकर्णाची मोठी साथच पसरलेली आहे. त्यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं भारतावरूनच नाव मिळालं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘खाजेच्या ट्यूब’मध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आतून पसरत राहते. चट्ट्याचं रूपही इतकं बदलतं की नंतर डॉक्टरांनाही ओळखायला त्रास होतो. तेव्हा ट्यूब लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि खाज थांबली तरी सांगितलेले आठवडे औषध पूर्ण करा. बुरशी मरायला साठ अंशांचं पाणी लागतं आणि लायक्रा तेवढं सोसत नाही, म्हणून त्या काळात शॉर्ट्स घरच्यांच्या कपड्यांत न टाकता वेगळी धुवा आणि उलटी करून कडक उन्हात वाळवा.